खळ, पेंड आणि मागूरची पिल्लं

आमच्या चाळीतल्या नव्या सुना मला विचारतात, "सुमनताई, तुम्ही नोकरीला कुठे होता?" मी सांगते, "परळला. माशांच्या पिल्लांना सोयाबीन खायला घालायचे." त्या हसतात आणि विषय बदलतात. म्हातारी चेष्टा करते असं वाटतं त्यांना. पण मी खरोखरच आयुष्यभर हेच केलं, पगार घेऊन केलं, आणि त्यात मी काही वाईट नव्हते. या अंकाच्या संपादकांनी "कामाबद्दल लिहा, नोकरीचा इतिहास नको" असं बजावलं ते बरंच झालं. माझ्या नोकरीला इतिहास नाहीच. एका शेडमध्ये शिरले, तिथेच केस पांढरे झाले, शेड पाडली तेव्हा घरी आले. त्या शेडमधला एक पावसाळा मात्र सांगण्यासारखा आहे.

आमचे शेठ पेंडीचे व्यापारी. पेढी ठाकूरद्वारला आणि गोदाम परळला, बंद पडलेल्या एका गिरणीच्या भिंतीला लागून. तेल काढून झाल्यावर दाण्यांचा जो चोथा उरतो ती पेंड. शेंगदाण्याची, तिळाची, सरकीची. शेठ ती तबेलेवाल्यांना विकायचे. मुंबईतले तबेले शहराबाहेर जायला लागले तसं शेठना धंद्याचं दुसरं गिऱ्हाईक हवं झालं. तळ्यातल्या मासेपालनाला आता चांगले दिवस येणार असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, आणि त्यांनी गोदामामागच्या शेडमध्ये सिमेंटच्या टाक्या बांधून घेतल्या. शेठ स्वतः माशाचं नाव काढलं तरी नाकाला रुमाल लावणारे. बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसत, घरून फिरकीचा तांब्या आणत. पण धंदा तो धंदा.

टाक्या बघायला त्यांनी दोन माणसं ठेवली. एक पाटणकर सर. मत्स्य खात्यातून निवृत्त झालेले, दादरला राहायचे, शर्टाच्या बाह्या दुमडून स्वतः पाण्यात हात घालणारे. आणि दुसरी मी. माझे वडील गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत कामाला. मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता, पेढे वाटले होते. त्याच मुलीला नोकरी लागली ती कुटीची पोती हुंगायची! आई म्हणाली, "याच्यासाठी शिकलीस होय?" संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच राहायची. गर्दीतही.

कुटी म्हणजे सुकवलेल्या बारीक मासळीचा भुगा. माशांच्या पिल्लांच्या खाद्यात तेव्हा मुख्य जिन्नस तोच. आमचा मासा होता मागूर. मिशाळ, बिनखवल्यांचा, काळपट, गोड्या पाण्यातला. चिखलात राहतो, पाण्याबाहेर काढला तरी बराच वेळ दम धरतो. बंगाली माणसं आजारातून उठलेल्याला त्याचं कालवण देतात. आमच्या लालबाग-परळच्या मंडळींना गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासाच वाटत नाही, ते सोडा. तर या मागूरच्या पिल्लांना प्रथिनं फार लागतात. कोंबडीच्या पिल्लाला लागतात त्याहून कितीतरी जास्त. आणि कुटीत ती भरपूर असतात, शिवाय वासही असतो. मागूर डोळ्यांनी खाणं शोधत नाही, मिशांनी शोधतो. ज्याला वास नाही ते त्याच्या लेखी दगड.

मग कुटी सोडून पेंडीच्या नादी का लागायचं? याचं उत्तर चंद्राबाई. चंद्राबाई कोळीण आम्हाला कुटी पुरवायची. आवाज असा की ती बोळाच्या तोंडाशी आली की शेडमध्ये कळायचं. पोत्याच्या वरच्या थरात फर्स्टक्लास जवळा आणि मांदेली, मधे मीठ, तळाला चक्क वाळू. मी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर कुटी टाकायचे, वाळू खाली बसायची, मी पेला तिच्यासमोर धरायचे. ती अजिबात ओशाळायची नाही.

"आगो, दर्याचा मासा हाय, रेती लागनारच. दर्यान काय फरशी घातलेली हाय?"

एवढ्यावर भागत नव्हतं. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणजे कुटी बंद. आणि मागूरची वीण नेमकी पावसाळ्यात. पिल्लांना खायला हवं तेव्हा कुटी नाही, आणि असलीच तर जुनी, खवट, भाव चढलेला. शेठकडे मात्र पेंडीच्या थप्प्या छपराला टेकलेल्या. सर म्हणाले, "कुटीचा जास्तीत जास्त भाग पेंडीने भागवता आला तर या धंद्यात अर्थ आहे. नाही तर नाही."

वाचायला सोपं वाटतं. सरकीची पेंड म्हशीला मानवते, पण तिच्यातलं एक द्रव्य माशाला बाधतं. शेंगदाण्याच्या पेंडीला मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते आणि ती पिल्लांच्या यकृतावर जाते. सोयाबीन सगळ्यांत चांगलं, पण कच्चं घातलं तर ते पचन अडवतं, म्हणून आधी नीट भाजावं लागतं. आणि प्रथिनं सगळी सारखी नसतात. त्यांच्यात जे वेगवेगळे घटक असतात त्यातला एखादा कमी पडला की बाकीचे असून फुकट. सोयाबीनमध्ये जे कमी ते तिळात असतं, म्हणून तिळाची पेंड जोडीला घ्यायची. बाया आमटीत चव जुळवतात तसंच ते जुळवायचं, फक्त इथे चव घेणारा सांगत नाही, तो नुसता थुंकून टाकतो. मागूरचं पिल्लू न आवडलेला कण तोंडात घेतं आणि फुर्र करून बाहेर फेकतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला माझ्या भाचीची आठवण झाली.

चंद्राबाई टाकीत डोकावून म्हणाली, "माशाला डाल घालतंस गो? उद्या लोनचा पन वाढशील." आणि इतकी हसली की डोक्यावरची पाटी कलली.

या सगळ्यात एक अडचण राहिली होती. पेंडीचे दाणे पाण्यात टिकत नव्हते. कुटी मैद्यात मळली की चिकटून राहते. पेंड मात्र पाण्यात पडल्या पडल्या विरघळून जायची. पाणी गढूळ, पिल्लं उपाशी. पेंडीला बांधून ठेवील असं काहीतरी हवं होतं. तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन बराच काळ लोटला होता. म्हणजे तो चालू आहे की संपला हे कोणीच सांगू शकत नव्हतं. गिरणगावात माणसं सकाळी उठून तयार व्हायची आणि नाक्यावर जाऊन उभी राहायची. जायचं कुठेच नसायचं. माझ्या वडिलांनी त्या काळात घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून पुन्हा जोडलं. कृष्णामामा आमच्याकडे आले ते या दिवसांत.

मामा सायझिंग खात्यातले. गिरणीत कापड विणायच्या आधी उभ्या सुताला खळ देतात, म्हणजे पेज पाजतात, नाहीतर मागावर सूत तुटतं. मामांनी सगळं आयुष्य ती खळ शिजवली होती. मालवणकडचे, ठेंगणे, मिशा पिळदार, आणि कोणी काम शिकवायला गेलं तर समोरच्याला गप्प बसवायचे. वडिलांच्या ओळखीने ते शेडमध्ये टाक्या धुवायला म्हणून आले. आल्यानंतर थोड्याच दिवसांनी, आमचे दाणे पाण्यात फुटताना बघून म्हणाले, "गो बाय, ह्याका चिंचोक्याची खळ दी. धा धुणी धुतलंस तरी सुटूची नाय."

आणि खरंच सुटली नाही. चिंचोक्याचं पीठ, पाणी, मंद आच, आणि मामांचा हात. पेंड त्या खळीत मळायची, चोर बाजारातून आणलेल्या खिम्याच्या मशीनमधून शेवयांसारखी पाडायची, जुन्या मांजरपाटावर वाळवायची आणि चुरायची. पाण्यात टाकलेला दाणा दाणाच राहायचा. सर खूश, मी खूश. शेठनी स्वतः येऊन पाहिलं, रुमालाआडून, आणि सगळ्यांसमोर बोलले, "हे जमलं तर दसऱ्याला गोदामात कारखाना टाकतो. माणसं मामाच्या खात्यातली घेऊ. मामा मुकादम."

ती गोष्ट दुसऱ्या दिवशी गिरणगावभर झाली. सायझिंगवाले गडी रोज शेडवर यायला लागले. टाक्यांच्या कठड्यावर कोपरं टेकून उभे राहायचे आणि पाण्यात बघायचे, जणू आत कुस्ती चालली आहे. "वाढली का हो बाई?" "कालच्यापेक्षा जाड दिसतात." एक गणपत म्हणून होता, तो तर पिल्लांना बोटं दाखवून बोलवायचा. मामांनी गावी बायकोला कळवून टाकलं होतं, दसऱ्यापर्यंत वाट बघतो, काम झालं तर तुला परत आणतो, नाहीतर खोली सोडून कायमचा येतो. हे त्यांनी मला टाकी घासता घासता सांगितलं, माझ्याकडे न बघता. आजूबाजूच्या कितीतरी खोल्यांना त्या वर्षी अशीच कुलपं लागली होती.

पावसाळ्यात बंगालमधून पिल्लं आली, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून. बोटाच्या पेराएवढी. आम्ही ती टाक्यांत वाटली. एका टाकीला नुसत्या कुटीचं जुनं खाद्य, मैद्यात मळलेलं. पुढच्या टाक्यांना चढत्या भाजणीने पेंडीचं, मामांच्या खळीतलं. काही पिल्लं मागच्या हौदात राखीव ठेवली. रोज खाऊ घालायचं, दर आठवड्याला वजन करायचं, मेलेली वेचून काढायची. काम एवढंच, पण चुकवता येत नाही. रविवार माशांना कळत नाही.

सुरुवातीला ठीक होतं. मग पेंडीच्या टाक्यांतली पिल्लं मंदावली. खायची, पण वाढायची नाहीत. काहींच्या परांच्या कडा झडलेल्या. रोज काही ना काही तरंगायची. पेंड जास्त तिथे मर जास्त, असा अगदी सरळ हिशेब दिसत होता. सरांनी सोयाबीन पुन्हा भाजून घेतलं. तिळाचं प्रमाण बदललं. मी पाणी दिवसातून दोनदा बदलायला लागले. काही उपयोग नाही. कठड्यावरचे गडी आता गप्प उभे राहायचे. गणपतने बोटं दाखवणं सोडलं. मी घरी सगळ्यांवर खेकसायचे. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात हे.

शेठ आले, तरंगणारी पिल्लं पाहिली आणि म्हणाले, "सर, पुरे. पेंड म्हशीने खायची वस्तू आहे. या आठवड्यात टाक्या रिकाम्या करा." सर काहीतरी बोलायला गेले. शेठ ऐकायला थांबलेच नाहीत.

जाता जाता त्यांनी एक मात्र म्हटलं. "टाक्या ठेवल्यात छान. किती स्वच्छ!"

मामांनी मान थोडी झुकवली. आणि मी तिथेच उभी राहिले. कारण टाक्या खरंच स्वच्छ होत्या. पण फक्त पेंडीच्या. कुटीच्या टाकीच्या भिंतींवर हिरवं शेवाळ धरलेलं होतं, मामा ती घासून घासून कंटाळले होते. शेजारच्या पेंडीच्या टाक्यांना मात्र हातसुद्धा लावावा लागत नव्हता. त्याच छपराखाली, तेच नळाचं पाणी, आणि पावसाळ्यात शेवाळ नाही? मी खाद्याचे डबे उघडले. कुटीच्या दाण्यांवर पांढरी लव आलेली. पेंडीचे दाणे, ज्यांना बुरशी सगळ्यांत आधी धरायला हवी, ते ताजे, कोरडे, खडखडीत.

मी मामांना विचारलं, "मामा, याला बुरशी कशी नाही हो आली?"

मामांचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्या कामाबद्दल काही विचारत होतं. "कशी येतली? खळ माझी असा. मोरचूद घातल्याशिवाय खळ खाली उतरवलंय काय कधी?"

मोरचूद. निळा, विषारी. द्राक्षाच्या मळ्यात फवारतात तो, बुरशीबरोबर शेवाळही मारणारा. गिरणीत सुताची खळ पडून राहते, तिला बुरशी लागली तर आख्खा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, फुकट, म्हणून खळीत मोरचूदाची चिमूट पडतेच. मामांच्या हाताला ते वेगळं सुचावंही लागत नव्हतं. पातेलं उतरवायचं, चिमूट टाकायची, पळी फिरवायची. आम्ही खळीत काय घालता असं विचारलं होतं तेव्हा ते "चिंचोको आणि पाणी" म्हणाले होते, आणि त्यांच्या मते ते खरंच होतं. आपणही आमटीत काय घातलं हे सांगताना मीठ मोजत नाही. आणि सरांनी व मी कुटीच्या टाकीला मैदा आणि पेंडीच्या टाक्यांना खळ असा फरक ठेवला, शिवाय पेंड जास्त तिथे खळही जास्त, त्यामुळे दोष पेंडीचा की खळीचा हे दिसायला मार्गच उरला नव्हता.

मी त्यांना सांगितलं. जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू. मासा मोरचूद सहन करू शकत नाही, पिल्लू तर नाहीच.

मामा कठड्यावर बसले. त्यांनी पाण्यात हात घातला, एक तरंगणारं पिल्लू ओंजळीत घेतलं. "म्हणजे हीं सगळीं माझ्या हातान मेलीं?"

"तुम्हाला काय माहीत मामा? आणि कोणाला सांगायचं कारणच नाही. मी नवीन खळ करायला लावते, हौदातली पिल्लं घेऊ, प्रयोग परत लावू."

"आणि शेठ परत लावूक देतलो?"

शेठनी पेंडीवर फुली मारली होती. पिल्लं पेंडीने मेली नाहीत हे त्यांना पटलं तरच दुसरी संधी, आणि ते पटवायचं तर कशाने मेली हे सांगावं लागणार. शेठचा राग सगळ्यांना ठाऊक होता. नुकसान करणारा माणूस त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी दिसत नसे. मी म्हटलं, खळीला जबाबदार मी आहे, मी सांगते शेठना. मामांनी नुसती मान हलवली. कोट घातला, टोपी घातली, आणि चालत निघाले.

ते ठाकूरद्वारला पेढीवर गेले. तिथे काय झालं ते मला सरांनी सांगितलं, सर त्या वेळी तिथेच टाक्या वाचवण्यासाठी शेठचं मन वळवत बसले होते. मामा गादीसमोर उभे राहिले आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "शेठ, पेंडीचा काय दोष नाय. खळीत मोरचूद मी घातला. पोरांनी बघितलेला नाय, बाईंनी बघितलेला नाय. माझा मला ठाऊक."

शेठ म्हणाले, "विष टाकलं? माझ्या मालात?" सर मधे पडले, खळ सगळ्या टाक्यांना सारखी द्यायला हवी होती, चूक आखणीची आहे, असं म्हणाले. शेठनी सरांकडे हात केला, थांबा. "सर, तुम्ही परत लावा. हौदातली पिल्लं घ्या. पण हा माणूस मला शेडमध्ये दिसता कामा नये."

मामा परत आले ते फक्त डबा आणि छत्री न्यायला. मला म्हणाले, "लावूक देतलो." एवढंच. बाकीचं विचारायची माझी छाती झाली नाही.

आम्ही परत लावलं. सगळ्या टाक्यांना तीच खळ, मोरचूदाशिवाय, माझ्या नजरेसमोर शिजवलेली. सोयाबीन आणि तिळाची पेंड मिळून कुटीचा निम्म्याहून जास्त भाग भागला आणि पिल्लं कुटीच्या टाकीच्या बरोबरीने वाढली. त्याच्या पुढे गेलो की मात्र मागे पडायची. वासासाठी थोडा जवळा हवाच, हे शेवटपर्यंत खरं राहिलं. चंद्राबाईला ते कळल्यावर तिने कमरेवर हात ठेवून सबंध शेडला ऐकवलं, "शेवटी आमच्याच पायरीवर आलाव ना!" टाक्यांच्या भिंती हिरव्या झाल्या. शेवाळ बघून आनंदलेली बाई गिरणगावात मी एकटीच असेन.

पुढे आमचं खाद्य लांब लांब जायला लागलं. चमत्कारिक गिऱ्हाइकं भेटली. दादरचे एक सद्गृहस्थ खास शेडवर आले आणि गंभीरपणे विचारू लागले, "हा मासा सोयाबीन खातो म्हणजे शाकाहारी झाला. मग श्रावणात चालेल का?" मी म्हटलं, "तुम्ही खा, मी सांगणार नाही कोणाला." आणखी पुढे परळच्या जमिनीला जो भाव आला त्यात पेंड काय आणि मासे काय, सगळंच वाहून गेलं. कारखाना मुंबईबाहेर गेला, शेड पाडली. याचं मला वाईट वाटतं, पण त्यात नवल काही नाही. मला सांगायचं आहे ते त्या दसऱ्याच्या आसपासच्या दिवसांचं.

शेठनी शब्द पाळला. गोदामात कारखाना सुरू झाला, मामांच्या खात्यातले गडी कामावर लागले. मामा सोडून. आणि पहिल्याच दिवसापासून माल बिघडायला लागला. माझ्या देखरेखीखाली छोट्या पातेल्यात खळ जमत होती, कारखान्यासाठी शेडमध्येच मांडलेल्या मोठ्या कढईत जमेना. गणपत शिजवायचा. कधी गुठळ्या, कधी पाणी. तो खात्यात होता खरा, पण सूत गुंडाळायला. दाणे पाण्यात पुन्हा फुटायला लागले, पोती परत यायला लागली. मी शेठना म्हटलं, मामांना बोलवा. ते म्हणाले, "बाई, त्या माणसाचं नाव नको." गड्यांचे चेहरे पुन्हा उतरले. मिळालेलं काम हातातून जाताना दिसत होतं, आणि ही माणसं ते एकदा भोगून बसली होती.

एका सकाळी मी शेडमध्ये शिरले तर कढईपाशी मामा. मागे जो अरुंद बोळ होता, जिथून भंगारवाले ये-जा करायचे, तिथून गणपतने त्यांना आत घेतलं होतं. मामांनी गावाला जायची ट्रंक बांधून ठेवली होती, आणि तरी ते आले. पगाराचा प्रश्नच नव्हता. गणपतच्या हातात पळी होती, मामा नुसते बाजूला उभे राहून बोलत होते. "पीठ पाण्यात सोड, पाणी पिठात नुको. आच बघ. बुडबुडो मोठो इलो काय उतर." मी काही पाहिलं नाही असं करून माझ्या टेबलाकडे गेले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. दाणे टिकायला लागले.

आणि मग शेठ आले. न सांगता, सकाळीच. शेड वाफेने भरलेली, मामा कढईवर वाकलेले. गडी जिथल्या तिथे थांबले. शेठ दारात उभे राहिले, हातात रुमाल होता तो नाकाला लावायचंही विसरले.

"याला कोणी बोलावलं?"

गणपत पळीसकट मागे सरकला. मी पुढे झाले. "मी बोलावलं शेठ."

"कोणी नाय बोलवूक," मामा म्हणाले. "मीच इलंय."

शेठ कढईजवळ आले. आत बघितलं. "यात काय घातलं?"

"चिंचोको आणि पाणी."

"आणखी?"

मामांनी गणपतच्या हातातली पळी घेतली, खळ बोटावर घेतली, फुंकर मारली आणि तोंडात घातली. पुन्हा एकदा घेतली. गिळली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी पळी शेठच्या पुढे धरली.

ज्याने परक्या घरचं पाणी कधी तोंडाला लावलं नाही, तो माणूस त्या पळीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता पळी उडते. शेठनी रुमाल खिशात ठेवला. करंगळीच्या टोकावर खळ घेतली आणि जिभेला लावली. तोंड वाकडं केलं.

"काहीच चव नाही रे याला."

"नसताच," मामा म्हणाले. "नसूकच व्हयी."

शेठ परत फिरले. दाराशी पोचल्यावर थांबले, पण मागे वळले नाहीत.

"मुकादम, उद्यापासून त्या बोळातून यायचं नाही. गेटवरून या. आणि बायकोला गावाहून कधी आणता ते पेढीवर सांगा, गाडीभाडं तिथून मिळेल."

ते गेले. मी सरळ सगळ्यांसमोर रडले, मला लाज वाटली नाही. मामांनी कढईकडे बघितलं, पळी गणपतच्या हातात कोंबली आणि फुटक्या आवाजात त्याच्यावर ओरडले, "बघतंस काय मेल्या? ढवळ! तळाक लागतली."